पाणी येतंय कुठनं?

अहिल्यानगरच्या फराहबागेपाशी गाडी थांबली, माणसं उतरली आणि सगळ्यांचे मोबाइल वर झाले. समोर दुमजली, अष्टकोनी, दगडचुन्याची ती उंच वास्तू होती. साहेब मात्र तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मागं राहिलेली मंडळी येऊन पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "इमारत कुठं पळून जात न्हाई. आधी मला सांगा, हितं पाणी येत असंल कुठनं?"

माणसं इकडं तिकडं बघू लागली. कुणी जमिनीकडं, कुणी लांबच्या डोंगराकडं.

साहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. हिवाळ्यात गारगोटीतून जुन्या बागा बघायला एक गाडी निघते, ती त्यांच्या हौसेनं. बरोबर असतात ते निवृत्त शिक्षक, वेदगंगेकाठचे ऊसकरी, एखादा गवंडी, बचत गटातल्या बायका. या सहलीत पाहिलेलं आणि ऐकलेलं मी इथं लिहिते आहे, पण माझं खरं लक्ष होतं ते साहेबांच्या कामावर. बाग दाखवणं हे किती नेमकं आणि कष्टाचं काम आहे, ते मला त्यांच्या मागं चालताना कळलं.

कामाची सुरुवात निघायच्या आदल्या संध्याकाळी गारगोटीतच होते. साहेब सगळ्यांना एका ओळखीच्या घराच्या परसात बोलावतात. जुनी विहीर, तिच्या काठावर मोटेच्या काळातलं दगडी थारोळं, तिथून निघणारा पाट, मधे छोटा हौद, पुढं केळी, कर्दळ, जास्वंद आणि शेवटी न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू. साहेब पंप सुरू करायला लावतात, जास्वंदीचं एक पान थारोळ्यात टाकतात आणि म्हणतात, "आता या पानासंगं चाला." सगळी मंडळी पाटाच्या कडेनं पानामागं चालू लागतात. पान कुठं पळतं, कुठं घोटाळतं, हौदात गेल्यावर गोल फिरून कुठल्या तोंडातनं बाहेर पडतं, ते बघत. केळीपाशी आल्यावर साहेबांचा प्रश्न येतो, "वाट वर आणि वाफा खाली, असं का?" यावर ऊसकरी मंडळी हसतात. ज्यानं आयुष्यभर रात्रीअपरात्री दारं धरली, त्याला हे काय विचारायचं? वाफा वर असला तर पाणी चढणार कसं?

साहेबांना तेवढंच हवं असतं. जे उत्तर माणसाच्या हातापायांत आहे, ते त्याच्या ध्यानात आणून द्यायचं. मग चारशे वर्षांपूर्वीची बादशाही बागही त्याला परकी वाटत नाही.

फराहबागेत उत्तर शोधायला थोडा वेळ लागला. ही बाग निजामशाहीतली. मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1583 मध्ये ती पुरी झाली. आज जिथून माणसं चालत इमारतीकडं जातात तो एका प्रचंड हौदाचा तळ आहे. त्या काळी इमारत पाण्याच्या मधोमध होती. आता तिथं गवत आणि झुडपं आहेत. आमच्यातले एक वयस्कर काका, ज्यांनी पुस्तकातली बाग कधी बघितली नाही, काही न बोलता हौदाच्या कडेनं फिरू लागले. थोड्या वेळानं लांबून हाक आली, "साहेब, उतार तिकडनं हाय. पाणी ह्या अंगानं येत असणार बघा." नगरच्या निजामशहांनी शहराला आणि बागांना पाणी दिलं ते भोवतालच्या उंच भागातून, जमिनीखालून घातलेल्या खापरी नळांनी. एकात एक बसवलेल्या भाजलेल्या मातीच्या नळ्या, सांध्यांना चुना. ते सगळं साहेबांनी सांगितलं, पण काकांनी दिशा दाखवल्यानंतर.

मग कुठं आम्ही इमारतीकडं वळलो. आतल्या उंच दालनात गेल्यावर प्रत्येक कमानीतून बाहेर बघायला साहेबांनी लावलं आणि एवढंच म्हणाले, "हितनं बाहेर पाणी हाय असं समजा." बाहेर सुकं गवतच होतं. पण सगळे बराच वेळ बघत राहिले. रिकामा हौद बघायला शिकवणं, मला वाटतं, भरलेला हौद दाखवण्यापेक्षा अवघड आहे.

नगरहून संभाजीनगरच्या वाटेवर गाडीत साहेब उभे राहून बोलतात. हीच त्यांची एकमेव लांब बोलण्याची वेळ. बागेत ते पाच मिनिटांच्या वर कधी बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी ग्रॅनडाचे फोटो फिरवले. स्पेनच्या दक्षिणेला अरब आणि बर्बर लोकांनी आठव्या शतकापासून राज्य केलं, ते ग्रॅनडाचं शेवटचं राज्य 1492 मध्ये जाईपर्यंत. युरोपात त्यांना मूर म्हणत, म्हणून त्यांच्या बागा मूरिश. अल्हाम्ब्राचा राजवाडा टेकडीवर आणि नदी खाली दरीत. तर त्यांनी काय केलं? दारो नदीवर सुमारे सहा किलोमीटर वर जाऊन पाणी अडवलं आणि डोंगराच्या कडेकडेनं, अगदी कमी उतारानं, एक पाट टेकडीपर्यंत आणला. राजवाड्याचं सिंहांचं अंगण, त्यातले चार दिशांना जाणारे चार पाट, शेजारच्या हेनेरालिफेच्या बागेतली लांब पाण्याची पट्टी, हे सगळं त्या एका पाटाच्या जिवावर. हेनेरालिफेत 1958 मध्ये आग लागली. त्यानंतर झालेल्या उत्खननात जुन्या बागेची मूळ पातळी सापडली, आणि दिसलं की मुळात वाफे वाटेपेक्षा बरेच खाली होते. हे ऐकून गाडीत मागच्या बाकावरून आवाज आला, "मग! आमी काल काय सांगितलं?" आज तिथं एकमेकांवरून कमान करून जाणारी जी कारंजी सगळ्या फोटोंत दिसतात, ती पुष्कळ नंतरची. मूरांच्या काळी पाणी शांत होतं.

आता ग्रॅनडा कुठं आणि आपलं दख्खन कुठं? पण दोघांचंही घराणं एकच. इराणात पासारगाद इथं, अडीच हजार वर्षांपूर्वी, सायरस राजाच्या बागेत दगडी पाट आणि त्यांनी आखलेले चौकोन होते. कोरड्या मुलुखात पाणी हीच खरी श्रीमंती, म्हणून ती बागेच्या मधोमध दाखवायची. ही रीत इस्लामी राजवटींबरोबर पश्चिमेला स्पेनपर्यंत गेली आणि पूर्वेला काबूल, दिल्लीपर्यंत. बाबर हिंदुस्थानात आल्यावर इथल्या बागांत वाहतं पाणी नाही म्हणून कष्टी झाला होता, ते त्याच्या आत्मचरित्रात आहे. आमच्या गाडीतल्या माणसांना बाबराची ही तक्रार चटकन समजली. पाऊस भरपूर पण मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, ही गोष्ट गारगोटीच्या भुदरगड तालुक्यात वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बीबी का मकबरा आम्ही सकाळी लवकर गाठला. वेळ साहेबांनी ठरवलेली. ऊन पाठीवर हवं, गर्दीच्या आधी मधल्या वाटेवर पोचायला हवं, आणि गुडघे दुखणाऱ्या मावशींना सावलीत बसून ऐकता यायला हवं. ते नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढं घालतात आणि स्वतः शेवटी राहतात. त्यामुळं पुढं धावून फोटो काढणाऱ्यांची पंचाईत होते, पण कुणी मागं पडत नाही आणि कुणाला दमल्याची लाजही वाटत नाही.

दक्षिणेच्या मोठ्या दारापाशी त्यांनी सर्वांना थांबवलं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये गेली. तिच्या कबरीवरची ही वास्तू 1660 च्या सुमारास उभी राहिली. दाराजवळच्या लेखात स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत. साहेबांच्या आवाजात इथं वेगळाच आनंद होता. बादशहाच्या घरच्या कबरीच्या दारावर अभियंत्याचं नाव! आयुष्यभर ज्यांच्या कामावर दुसऱ्यांच्या नावाच्या कोनशिला बसल्या, त्या माणसाचा तो आनंद मला फार खरा वाटला.

या वास्तूला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणायची पद्धत आहे. साहेब तो विषय निघूच देत नाहीत, आणि मला ते पटतं. एकदा तुलना सुरू झाली की माणूस संगमरवर मोजत बसतो आणि समोरची बाग दिसेनाशी होते. संगमरवर इथं खरोखरच कमी आहे. वरच्या भिंती काळ्या दगडाच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. पण तो गिलावा जवळून बघा. आमच्यातला गवंडी हात मागं बांधून, नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळ उभा होता. एवढा गुळगुळीत चुना घोटायला किती दिवस लागले असतील, याचा हिशोब तो मनात करत होता.

मधला पाट कोरडा होता आणि कारंजी बंद. साहेबांनी आम्हाला पाटाच्या काठानं चालवलं, मधल्या हौदाशी थांबवलं आणि चारी बाजूंना बघायला लावलं. दोन वाटा एकमेकींना छेदतात, बागेचे चार भाग होतात, प्रत्येक भाग पुन्हा विभागलेला. म्हणून चारबाग. आज त्या चौकोनांत हिरवळ आहे. मोगलांच्या काळी तिथं फळझाडं आणि फुलझाडं दाट असत. कातरलेल्या हिरवळीची आवड इंग्रजी अमदानीतली. आग्र्याच्या ताजच्या बागेलाही लॉर्ड कर्झनच्या काळात हिरवळीचं रूप मिळालं. मला स्वतःला ती हिरवळ खटकते. डाळिंब, लिंबू, मोगरा यांच्या सावलीतून आणि वासातून चालत कबरीशी पोचणं निराळं, आणि उघड्या पटांगणातून लांबूनच घुमट बघत जाणं निराळं. एका मावशींनी विचारलं, "फळं कोण खात होतं हो साहेब?" प्रश्न साधा वाटला, पण नेमका होता. ताजसारख्या बागांतली फळं विकली जात आणि तो पैसा देखभालीला लागे. बाग स्वतःचं पोट स्वतः भरत होती.

पाणचक्कीवर मात्र पाणी होतं, आणि तिथं गाडीची वेळ कुणीच पाळली नाही.

या शहराच्या पाण्याची गोष्ट मलिक अंबरपासून सुरू होते. हबशी मुलुखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला हा माणूस. त्यानं 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि तिला डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या नहरीनं आणलं. ठराविक अंतरावर उभी विवरं, हवेसाठी आणि गाळ काढायला उतरण्यासाठी. इराणातल्या भूमिगत पाटांचंच हे तंत्र. बुऱ्हाणपुरात 1615 मध्ये अब्दुर रहीम खानखानानंही तेच वापरलं. पाणचक्कीची नहर नंतरची. बुखाऱ्याच्या बाजूनं आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यासाठी उत्तरेच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणलं. ते उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात कोसळतं, आणि त्याच्याच जोरावर जातं फिरतं. यात्रेकरूंसाठी, विद्यार्थ्यांसाठी त्यावर पीठ दळलं जाई.

"पाणी वर चढतंय कसं?" शेवटी कुणीतरी विचारलंच. साहेबांनी पिशवीतून गवंड्यांची लेव्हलची नळी काढली, पाण्यानं भरलेली. एक टोक गवंड्याच्या हातात दिलं, एक मावशींच्या. मधला भाग पार जमिनीला टेकवला. "आता वर घ्या. आता खाली." दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत. गवंडी म्हणाला, "हे तर मी रोज करतोय की." साहेब म्हणाले, "रोज करताय तेच हाय हे. डोंगर म्हंजे तुमचं टोक, भिंत म्हंजे मावशींचं. मधे नळ कितीबी खाली जाऊ दे." मग मावशींनी ती नळी सोडायला नकार दिला, त्यांनी स्वतः दुसऱ्या सहलीतल्या शाळेच्या मुलांना तो खेळ करून दाखवला.

हौदाच्या खाली प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. डोक्यावर एवढं पाणी आणि खाली उन्हाळ्यात विसावणारे यात्रेकरू. आम्ही आत गेलो तेव्हा बाहेरच्या उन्हातून आलेल्या अंगाला तो गारवा लगेच कळला. काकांनी छताला हात लावून बघितला, बोटं एकमेकांवर घासली आणि मान हलवली. या नहरींवर आज रस्ते आणि घरं आहेत, ठिकठिकाणी त्या फुटल्या-बुजल्या आहेत. इतक्या वर्षांनंतरही डोंगरातलं पाणी पंपाशिवाय इथवर येतं, ते वाचवायचं तर आधी ते कुठून कसं येतं हे शहरातल्या माणसांना ठाऊक हवं. साहेबांसारखी माणसं तेच काम करतात, म्हणून मला ती मोलाची वाटतात.

गाडीवाला हॉर्न देत होता. तेवढ्यात बचत गटातल्या एका वहिनींनी विचारलं, "साहेब, येतंय कुठनं ते कळलं. पण हितनं जातंय कुठं?" साहेब इतके खूश झाले की गाडीवाल्याला हातानंच थांब म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पुलावर आले. खाली खाम नदी. बरीच वर्षं तिचा नाला झाला होता. अलीकडं सफाईचं काम हाती घेतलेलं आहे. वेदगंगेकाठची मंडळी कठड्याला रेलून पात्राची रुंदी बघू लागली. इथं एखादा कोल्हापुरी बंधारा बसला तर, यावर लगेच दोन तट पडले. पावसाळा सरला की बरगे घालावेत, जूनच्या आत काढावेत, जागा पुलाच्या वर की खाली, पाणी किती लांब फुगेल. आवाज चढले. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंधाऱ्याचं नंतर बघू. आधी गाळ काढावा लागंल."