लेखाचाही खोडवा घ्या : मराठीत लिहून ऑनलाइन कमावणाऱ्यांसाठी

माळेगाव बुद्रुक हे साखर कारखान्याचे गाव. इथे खोडवा म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. लागणीचा ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यांना पुन्हा फुटवे येतात. बेण्याचा आणि लागणीचा खर्च वाचतो.

घरी बसून मराठीत लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही हाच हिशेब धरायला हवा. पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हे काम मोठा आधार आहे. पण बहुतेक जण लेख शब्दाच्या दराने एकदा विकतात आणि विसरून जातात. यंत्रे भाषांतर करू लागल्यापासून तो दर टिकवणेही अवघड झाले आहे. मग एकाच अभ्यासातून दुसरे पीक कसे घ्यायचे?

१) ई-पुस्तक : अमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात. लेखकाला स्वतःचे पुस्तक तिथे विनाखर्च टाकता येते. एका विषयावरचे दहा-बारा लेख नीट बांधले की पुस्तक होते. मानधन किमतीच्या ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-पुस्तक ठरावीक मुदतीत दुसरीकडे ठेवता येत नाही. ही अट वाचूनच होकार द्या.

२) संहिता : यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे, अशी एक अट आहे. तिथवर पोचायला वेळ लागतो. तोवर दुसऱ्यांच्या चॅनेलसाठी संहिता लिहून देता येते. छापील लेख आणि कानाने ऐकायची संहिता वेगळी असते. वाक्य लहान लागते.

३) विषयाचे ज्ञान : यंत्राला शब्द कळतात, पण पाचट कुजवणे आणि पाचट पेटवणे यात शेतकऱ्याचे काय जाते ते कळत नाही. ऊस, ठिबक, दूधधंदा यांची माहिती असलेल्याने यंत्राचे भाषांतर तपासून दुरुस्त करण्याचे काम मागावे. दर शब्दावर न ठरवता तासावर ठरवावा.

४) आंबेडकरी साहित्य : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क २०१६ अखेर संपले. ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात आला. त्याची मुदत २०१७ अखेर संपली. मूळ इंग्रजीवरून नवे मराठी भाषांतर किंवा ध्वनिपुस्तक करता येते. मात्र दुसऱ्याने केलेले भाषांतर वाचून ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर त्यावर त्या भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो. आणि जे लिखाण पुढे अनेक वर्षांनी प्रथम छापले गेले, त्याची मुदत छापल्या वर्षापासून मोजतात.

हे सगळे जमायचे, तर हक्क आपल्या हातात हवेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेला आणि स्वतंत्रपणे लिहिणारा लेखकच पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरतात. म्हणून करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द दिसले तर थांबा. एकदाच छापण्याची परवानगी द्या किंवा जास्त पैसे मागा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. मानधनातून टीडीएस कापला गेला आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. आणि ‘काम देतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. तरीही ते पत्र १९२३ मध्ये बंद पडले. लेखणीमागे पैशाचे बळ नसेल तर चांगला आवाजही थांबतो, हे आपण तेव्हाच पाहिले आहे. आज छापखाना लागत नाही, तेव्हा निदान आपल्या लिखाणाचा हिशेब तरी आपण ठेवू या. खोडवाही नुसता सोडून दिला तर येत नाही. बुडखे छाटावे लागतात, खत द्यावे लागते.

जय भीम!