शंकरपट आणि स्टॉक-कार : नियम कुणासाठी?

आपल्या भंडारा जिल्ह्यात शंकरपट कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दिवसा बैलजोड्यांचा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. शेतीकामाचा बैलच पटात धावायचा.

अमेरिकेतली स्टॉक-कार शर्यतही कामातूनच आली. दारूबंदीत चोरटी दारू वाहणारे दिसायला साधी, पण आतून वेगवान केलेली मोटार पळवत. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी ‘नॅसकार’ संस्था काढली. ‘स्टॉक’ म्हणजे कारखान्यातून आली तशी गाडी. १९४९ मध्ये शार्लटच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या ग्लेन डनवेची गाडी तपासली, तर स्प्रिंगांत दारूवाल्यांचीच करामत! त्याला बाद करून जिम रोपरला विजयी ठरवलं. माझ्या मते खेळ तिथे उभा राहिला; वेगापेक्षा नियम मोठा ठरला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. पण फरक बघा. मोटारीला वेदना नाही, बैलाला आहे. तिथला नियम स्पर्धकांमधल्या न्यायासाठी. इथला आधी त्या मुक्या जनावरासाठी. चाबूक, टोचणी बंद, ही अट कुणी बघत नसतानाही पाळली, तरच पट आपला म्हणायचा.