क्लचमधली एअर घरच्या घरी कशी काढायची?

जबलपुरात गाड्यांची माहिती असलेली माणसं कमी नाहीत. १९६९ पासून इथल्या व्हेईकल फॅक्टरीत लष्कराचे ट्रक तयार होताहेत. तरी क्लचचं पेडल अचानक मऊ पडलं की भलेभले गोंधळतात. उद्या सिवनीवरून नागपूरला जायचंय, वाटेत कुरईचा घाट आहे, आणि आज रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतोय. मग काय करायचं?

आधी कारण समजून घ्या. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल पाइपातून ढकलतो आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पाइपात हवा शिरली की तुमचा जोर तिलाच दाबण्यात जातो, क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर घासतात. अशीच गाडी चालवत राहिलात तर गिअरबॉक्सचा खर्च निघतो.

बॉनेट उघडा. क्लचला वायर असेल तर एअरचा प्रश्नच नाही. हायड्रॉलिक असेल तर डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते वाचा आणि तेच ऑइल सीलबंद बाटलीतलं घ्या. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून गेल्या पावसाळ्यात उघडलेली बाटली नको. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नका, रबरी सील फुगतात.

आता काम. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड. खाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड लावाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. स्लेव्हच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. घरातल्या कुणालातरी पेडलवर बसवा.

"दाब" म्हणा. पेडल तळाला गेलं की निप्पल अर्धा आटा सोडा. बुडबुडे निघतील. निप्पल आवळा, मगच "सोड" म्हणा. हा क्रम उलटा झाला तर हवा परत आत जाते. पेडल वर आलं नाही तर हाताने उचलायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा.

दर चार-पाच वेळांनी डबी भरा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. ती रिकामी झाली तर ब्रेकमध्येही हवा जाईल. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

शेवटी इंजिन सुरू करून पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज नाही? छान. पण हवा आपोआप शिरत नाही, हे विसरू नका. पेडलच्या मागे किंवा गिअरबॉक्सखाली ओल शोधा. सकाळी पेडल पुन्हा बसलं असेल तर सील गेलंय. मग घाटात जाऊ नका, आधी गॅरेज गाठा. नागपूरला एक दिवस उशिरा पोचलात तरी चालेल.