एकच पीस!

२००९ सालच्या दोन तारखा घ्या. ३१ मार्चला चाकणमध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. गुंतवणूक ३,८०० कोटी रुपये, वर्षाला लाखावर गाड्या काढायची तयारी, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या घराघरांत एकच चर्चा, 'आपल्या पोराचं तिथे काही होईल का?' त्याच्या दीड महिना आधी, १२ फेब्रुवारीला, गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या एका लहानशा यार्डात बांधलेली ५६ फुटी शिडाची होडी भारतीय नौदलात दाखल झाली. तिचं प्रॉडक्शन किती? एक!

चाकणची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. होडीची किती जणांनी वाचली असेल, शंकाच आहे.

मी भोसरीत वाढले. आमच्याकडे 'वर्कशॉप' म्हटलं की लेथ, कूलंटचा वास आणि शटरबाहेर उभा छोटा हत्ती. लाकूड? लाकूड म्हणजे पॅकिंग. पाइनच्या पेट्या आणि पॅलेट. एक्स्पोर्टच्या पेटीवर गव्हाच्या ओंबीसारखं चित्र असलेला शिक्का पाहिलाय? लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं दिलंय, आत कीड जिवंत नाही, याचा तो दाखला. ही पेटी जर्मनीला पोचते, फोडली जाते, संपते. लाकडाकडून आपली अपेक्षा एवढीच! त्यामुळे लाकूड आणि चिकट द्रव वापरून केलेली वस्तू माणसाला एकट्याला पृथ्वीभोवती फिरवून आणते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

तर, 'म्हादेई'. एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या होडीतून, एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणा करायची, हे स्वप्न निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचं. हे आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायचे, समुद्रापासून चांगले लांब. नौदलाने मोहीम उचलली, कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. राहिला प्रश्न होडीचा. आणि इथे गोष्ट मजेदार होते. मोठ्या गोदीला ५६ फुटांच्या एका होडीत काय रस असणार? त्यांचं सगळं गणित मोठ्या जहाजांचं. काम गेलं दिवाडीला, रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस यार्डाकडे. फायबरग्लासच्या बोटी बांधणारं छोटं युनिट. आराखडा डच, व्हॅन द स्टाड यांचा 'टोंगा ५६'. बांधणारे हात इथले.

होडीची घडण म्हणजे मध्ये लाकडाचा गाभा आणि त्याला आतून-बाहेरून फायबरग्लासचं कवच. या जातीच्या होड्या कशा बांधतात ते जरा निवांत सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. आधी होडीच्या आडव्या छेदांचे पूर्ण मापाचे साचे करतात आणि ते बरगड्यांसारखे ओळीने उभे करतात, बहुतेक वेळा उलटे, म्हणजे होडीचं पोट आढ्याकडे. त्यावर सीडरसारख्या हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकेक करून वाकवत, एकमेकींना कडेला कड चिकटवत जायचं. एक पट्टी, मग दुसरी, मग शेकडो. प्रत्येक पट्टीला वेगळा बाक, कारण होडीला सरळ रेष जवळपास नसतेच. मग तासणं. हात फिरवून उंचवटा शोधणं. डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळतं, म्हणे. त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड. मग सगळं धूड उलथवून सुलटं करायचं आणि आतून पुन्हा तेच.

इपॉक्सी प्रकरण मोठं लहरी. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच मिसळावं लागतं. भांड्यात एकदम जास्त कालवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि ब्रशसकट दगड होऊन बसतं. हवा फार दमट असेल तर वर मेणचट थर येतो. तो धुऊन, घासून काढला नाही तर पुढचा थर नीट धरत नाही. आणि गोव्यातला पावसाळा तुम्हाला माहीतच आहे! एक सांधा कच्चा राहिला, तर तो शेडमध्ये कळेलच असं नाही. तो कळणार दक्षिण महासागरात, जिथे मदत पोचायला दिवसच्या दिवस लागतात.

चाकणच्या एका प्लांटमध्ये क्वालिटीत असलेल्या माझ्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "टॅक टाइम किती?" (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लाइनवरून किती वेळाने एक गाडी बाहेर पडली पाहिजे, तो वेळ.)

"अरे, एकच होडी आहे!"

"मग पहिला पीस रिजेक्ट झाला तर?"

"तर आत माणूस असतो."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्याकडे पहिल्या पीसवर कोणी बसतच नाही. तो आम्ही भिंतीवर आपटतो."

हाच तर मुद्दा आहे. आपल्या पट्ट्यातली सगळी हुशारी हजार वेळा तीच वस्तू तशीच निघावी यासाठी खर्च होते. चूक झाली तर बॅच परत मागवता येते, डाय सुधारता येतो. छोट्या शेडमधल्या मोठ्या होडीला प्रोटोटाइप नसतो. पहिला पीस तोच शेवटचा, आणि तोच गिऱ्हाइकाच्या हाती. त्यामुळे जबाबदारी डिपार्टमेंटवर ढकलता येत नाही. ती ज्याने सांधा भरला त्याच्यापाशीच राहते. दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले ते वाटेत चार थांबे घेऊन मे २०१०मध्ये परतले. असं करणारे पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमींनी तीच होडी घेतली आणि १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ असे पाच महिने कुठेही न थांबता एकट्याने फेरी पूर्ण केली. दोन माणसं, एकच होडी, दोन्ही वेळा सुखरूप परत. पुढे याच यार्डाने 'तारिणी' बांधली. २०१७-१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५मध्ये दोघींनी तिच्यातून जगप्रदक्षिणा केली.

हे काही आपल्याकडे आकाशातून पडलेलं नाही. मुंबईच्या वाडियांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७मध्ये पाण्यात उतरली, ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. आणि १९६४ सालची 'सुहेली' तर अस्सल मुंबईकर! कुलाब्याच्या एका वर्कशॉपमध्ये सागवानात बांधलेली ३२ फुटी होडी. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ला इंग्लंडमधून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला परतले. एकट्याने, न थांबता जगाला फेरी मारणारा जगातला पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊ जण होते. पोचली फक्त सुहेली.

त्याच शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०१८मध्ये पुन्हा शर्यत झाली, तेव्हा टॉमींसाठी अॅक्वेरियसने सुहेलीचीच प्रतिकृती बांधली, 'थुरिया'. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे वादळात ती उलथली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. जागचं हलता येईना. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मासेमारीवर गस्त घालणाऱ्या 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना बाहेर काढलं. ते तीन दिवस त्यांच्याखाली काय होतं? गोव्यात बांधलेली ती काया. शिडं गेली, काठ्या गेल्या, पण ती बुडाली नाही. शर्यतीच्या निकालात या गोष्टीला रकाना नसतो.

आता सगळ्यात भन्नाट प्रकार. इपॉक्सी नको, फायबर नको, खिळासुद्धा नको. होडी शिवायची! हो, शिवायची. फळ्यांच्या कडांजवळ भोकं पाडून नारळाच्या काथ्याच्या दोरीने त्या घट्ट टाचायच्या आणि सांधे नैसर्गिक राळेने बंद करायचे. जुलै २०२३मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातल्याच होडी इनोव्हेशन्स यांच्यात असं जहाज बांधायचा करार झाला. ड्रॉइंग? नाही. मूळ जहाजाचा अवशेष? नाही. हातात होतं अजिंठ्याच्या लेण्यांतलं पाचव्या शतकातलं एक चित्र. त्यावरून आकार ठरवायचा, आणि तो समुद्रात टिकेल का हे आयआयटी मद्रासला मॉडेल करून तपासायचं. टाके घालायला केरळहून बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर आले. फेब्रुवारी २०२५मध्ये जहाज पाण्यात उतरलं, २१ मे २०२५ला कारवारला 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ला मस्कतला पोचलं. इंजिन नाही. नुसती चौकोनी शिडं आणि वारा.

शिवलेल्या जहाजाचा फायदा असा की लाटेवर ते थोडं लवतं. खिळ्याने जखडलेली फळी जिथे अडून बसते, तिथे काथ्याची फळी किंचित सरकते. माझ्या मित्राच्या भाषेत सांगायचं तर टॉलरन्स डिझाइनमध्येच आहे.

पण काळजीही इथेच आहे. म्हादेईचा आराखडा कागदावर आहे, उद्या दुसरी टीम तो वाचू शकेल. टाका किती ओढायचा हे कागदावर येत नाही. ते शंकरन यांच्यासारख्या मोजक्या कारागिरांच्या बोटांत आहे आणि शेजारी बसून शिकलं तरच उतरतं. आपल्याकडे सीएनसी ऑपरेटर सहा महिन्यांत तयार होतो. इथे आधी दुसऱ्या जहाजाची ऑर्डर यायला हवी, तरच शिकणाऱ्याला शिवायला काही मिळणार. एका पीसच्या धंद्याची हीच गोची आहे! ऑर्डर नसली की शेड रिकामी आणि हात दुसऱ्या कामाला.

पुढच्या लाँग वीकएंडला गोव्याला निघालात तर एक सकाळ बीचला सुट्टी द्या. ओल्ड गोव्याहून दिवाडीची फेरीबोट सुटते. यार्ड म्हणजे पिकनिक स्पॉट नव्हे, तेव्हा न विचारता आत घुसू नका. पण फेरीच्या कठड्याला टेकून मांडवी बघा. म्हादेई हे त्याच नदीचं जुनं नाव.