नडगी मोजायची कशी?

बेळगावची माझी मामेबहीण, आमची ताई, मिलिटरी पोलिसात भरती व्हायचे म्हणून रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळते. दिवाळीच्या सुट्टीत ती कठडा धरून जिना उतरताना दिसली. उजव्या नडगीवर बोटभर जागेत दाबले की दुखत होते. "घरात बोलू नकोस," म्हणाली.

मला वाटले, आजीची केली तशी हाडांच्या घनतेची तपासणी करायची, झाले! बेंगळुरूला परतल्यावर शाळेच्या डॉक्टर सरांना विचारले, तेव्हा कळले की आजीचे यंत्र नडगीकडे पाहतच नाही.

त्या यंत्राला डेक्सा म्हणतात. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून जातात. हाड आणि मांस ते कमीजास्त अडवतात, त्यावरून हाडातले खनिज काढतात. मोजतात मुख्यतः कमरेचे मणके आणि खुबा, कारण म्हातारपणी तिथली मोडतोड जास्त महागात पडते. आजीचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली होता, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. ही तुलना निरोगी तरुण स्त्रियांशी असते. ताईसारख्या मुलींची तुलना समवयस्कांशी करतात, तो झेड-स्कोअर.

नडगीसाठी पेरिफेरल क्यूसीटी नावाचा छोटा सीटी स्कॅनर असतो. खुर्चीत बसून पाय त्याच्या कड्यात घालायचा. घोट्यापासून नडगीच्या लांबीच्या ४ टक्के वर एक काप घेतात, तिथे आत जाळीदार हाड असते. ३८ टक्क्यांवर जाड कवच दिसते. डेक्साला हाडाची फक्त सावली मिळते, म्हणून उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये येते. इथे घन सेंटिमीटरमध्ये. शिवाय आकारही कळतो. तेवढ्याच लोखंडाचा रुंद पाइप अरुंद पाइपापेक्षा वाकवायला कठीण, तसेच हाडाचे. स्त्रियांची नडगी सरासरीने अरुंद असते, पण परेडचे अंतर तेच!

आमच्याच शहरातल्या मिलिटरी पोलीस केंद्रातून ८ मे २०२१ रोजी महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. ८३ जणी, ६१ आठवड्यांचे प्रशिक्षण. अमेरिकेत नव्या महिला सैनिकांच्या नडग्या प्रशिक्षणाआधी आणि नंतर मोजल्या, तेव्हा घनता वाढलेली आढळली. म्हणजे कसरतीने हाड घट्ट होते. मात्र शरीर आधी जुने हाड खोदून काढते, त्याला काही आठवडे लागतात, आणि नवे भरायला महिने. मधल्या काळात रोज तेच अंतर रेटले तर चीर पडते.

सर म्हणाले, हा स्कॅनर बहुतेक संशोधनासाठीच वापरतात. बोटभर जागेत दुखत असेल तर एमआरआय करावा. एक्स-रेमध्ये सुरुवातीला चीर बऱ्याचदा दिसत नाही. ताईचे जेवण पुरेसे आहे का, पाळी नियमित येते का, हेही त्यांनी विचारायला सांगितले, कारण पाळी थांबली तर हाडे झिजतात. मी हे ताईला विचारणे शक्य नव्हते. मी मामीला फोन केला.

ताई दोन रविवार माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या रविवारी स्वतः फोनवर आली. एमआरआयमध्ये बारीक चीर निघाली होती. सहा आठवडे पळणे बंद. सायकल चालवली तर चालेल का, एवढे तिने डॉक्टरांना विचारून ठेवले आहे.