मास्टर सिलिंडरमधील रबरी कप : वस्तू लहान, जबाबदारी मोठी

मालेगावहून कापडाच्या गाठी भरलेला टेम्पो कसारा घाट उतरतो, तेव्हा मालाचा आणि ड्रायव्हरच्या जिवाचा भरवसा अंगठ्याच्या रुंदीच्या रबरी कपांवर असतो. आपल्यापैकी अनेक जण टेम्पो बाळगतात, गॅरेज चालवितात किंवा सुट्या भागांचा धंदा करतात. या कपाचे काम सर्वांनीच समजून घ्यावे.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या तोंडाशी मुख्य कप बसतो. त्याची पातळ कड पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूला असते. पेडल दाबताच कप पुढे सरकून टाकीकडचे बारीक छिद्र ओलांडतो आणि आतले ऑइल कोंडले जाते. दाब वाढतो तशी कड पसरून सिलिंडरच्या भिंतीला बिलगते. जितका दाब अधिक, तितकी पकड पक्की. पेडल सोडले की कड आत दबते, मागचे ऑइल तिच्या बाजूने पुढे येते आणि आत हवा ओढली जात नाही. मागचा दुसरा कप ऑइल बाहेर सांडू देत नाही. मुख्य कप उलटा बसविला, तर दाब टिकणारच नाही.

खरी गफलत पुढे होते. ब्रेक ऑइल कमी दिसले की कोणी इंजिन ऑइल ओततो, कोणी फिटिंग करताना कपाला साधे ग्रीस लावतो. डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइलसाठी बनविलेले रबर खनिज तेलाने फुगते. फुगलेला कप ते बारीक छिद्र झाकून बसतो, ऑइल टाकीत परतत नाही आणि ब्रेक जाम होतात. मग नुसते ऑइल बदलून भागत नाही. सर्व नळ्या धुऊन रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. फिटिंगच्या वेळी कपाला स्वच्छ ब्रेक ऑइलच लावावे.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर मुख्य कपावर शंका घ्यावी. नवे किट घालण्यापूर्वी सिलिंडर आतून पाहावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे गंजून खड्डे पडले असतील, तर नवा कपही लवकर फाटेल. अशा वेळी सिलिंडरच बदलावा.

कापडात खोट निघाली, तर ठाण परत घेता येते. घाटात ब्रेकने दगा दिला, तर काहीच परत घेता येत नाही.