नॉब एक सांगतो, आवाज दुसरंच

सिंथेसायझरच्या नॉबवरची पांढरी रेघ बघून तुम्हाला वाटेल, यात संशोधन करण्यासारखं काय आहे? रेघ जिकडे, किंमत तिकडे. १९७० च्या मिनीमूगपुरतं ते खरंही होतं. त्या वाद्यात आवाज साठवायची सोयच नव्हती. पॅनेलवर जे दिसे, तेच ऐकू येई.

१९७८ मध्ये प्रॉफेट-५ आला. मायक्रोप्रोसेसरच्या मदतीने त्यात ४० आवाज साठवता येऊ लागले. आता समजा, फिल्टरचा नॉब २ वर आहे आणि तुम्ही ८ वर साठवलेला आवाज मागवला. आवाज ८ चा येतो, रेघ मात्र २ वरच. अशा वेळी नॉबला हात लावला, की आवाज एकदम २ च्या आसपास उडी मारतो. ऐन कार्यक्रमात हे झालं तर काय होईल, विचार करा.

यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला: नॉब साठवलेल्या किमतीपर्यंत पोचेपर्यंत यंत्राने त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. उडी टळते, पण ती किंमत कुठे आहे हे दिसत नाही. दुसरा: अखंड फिरणारा एन्कोडर आणि त्याभोवती एलईडी दिव्यांचं कडं, जसं २००१ च्या नॉर्ड लीड ३ मध्ये होतं. आवाज बदलला की दिवेही बदलतात.

मग प्रश्न मिटला? थोडं गणित करू. मिडीच्या साध्या संदेशात ० ते १२७, म्हणजे १२८ किमती असतात. कड्यात १५ दिवे असतील, तर एका दिव्याच्या वाट्याला साधारण साडेआठ किमती येतात. उलट १५ मिमी व्यासाचा, ३०० अंश फिरणारा नॉब घेतला, तर एका पायरीला रेघेचं टोक सुमारे ०.३ मिमी सरकतं. म्हणजे रेघ बारीक सांगते, पण खोटं सांगू शकते. कडं खरं सांगतं, पण ढोबळ.

म्हणूनच ‘कोणता इंडिकेटर चांगला?’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. आधी काम ठरवा. ओझरत्या नजरेत डावं-उजवं ओळखायचंय, नेमकी किंमत वाचायचीय, की सांगितलेल्या किमतीवर नॉब न्यायचाय? तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. मग मोजायचं काय ते ठरवा: चूक, वेळ, की दोन्ही? प्रकाश किती ठेवणार, हेही लिहून ठेवा.

आणि एक सापळा. प्रयोगात आवाज चालू ठेवलात, तर सहभागी कानानेच नॉब लावतील आणि तुम्ही इंडिकेटरऐवजी कान मोजत बसाल. आवाज बंद केलात, तर खरं वादन उरत नाही. मी म्हणेन, दोन्ही स्थितींत मोजा. त्या दोन निकालांमधला फरकच कदाचित तुमचा खरा शोध असेल.